कोरडी जर्सी

ऑक्टोबरात बाराच्या बारा जर्स्या ओल्याचिंब यायच्या.
टोपली उचलायला दोन्ही हात लागायचे.
घामाला केवढं वजन असतं
ते प्रशिक्षकाला ठाऊक नाही, मला आहे.
आलीतुसच्या या तळघरात सव्वीस वर्षं
मी क्लबचे कपडे धुते.
सामना बघत नाही. डोक्यावर लाकडी मैदान,
त्याच्या धपधपीवरून कळतं
चेंडू कुणाच्या हातात आहे.

नोव्हेंबरातल्या एका शनिवारी
धपधप मध्येच थांबली.
दोन हजार माणसं एकदम गप्प झाली
की पाइपातलं पाणीही ऐकू येतं.
टाउटवीदसची टाच. मागची शीर.
वळून बघत म्हणाला म्हणे, कोणी लाथ मारली?
मागे कोणी नव्हतंच.

त्या रात्री अकरा ओल्या, एक अर्धवट.
मग सात नंबर घडी न मोडता परत येऊ लागला.
तो साध्या कपड्यांत बाकावर,
जर्सी मात्र खुंटीला लावायचीच. नियम आहे.

एकाचं ओझं वाऱ्यावर उडून जात नाही,
दुसऱ्याच्या गुडघ्यात जाऊन बसतं.
स्किरमांतास बावीस मिनिटं खेळायचा, आता सदतीस.
पिळली तर बादली भरेल अशी त्याची जर्सी.
मी फिजिओला म्हटलं, हा माणूस वितळतोय.
तो म्हणाला, दांगुओले, तू साबणाचं बघ.

नाताळाआधी स्किरमांतास कोरडा.
त्याची मिनिटं मार्लनच्या कमरेत गेली.

जानेवारीत नेमुनास गोठली तेव्हा
सात ओल्या, पाच कोरड्या.
सरावाला पाच विरुद्ध पाच जमेनात,
म्हणून पन्नाशीचा सहप्रशिक्षक उतरला
आणि बसचा ड्रायव्हर, बूट उसने घेऊन.
तिसरे होतो, सहावे झालो.
पेपरात आलं: संघात जिद्द उरलेली नाही.
जिद्द होती हो.
पायच नव्हते.

एकोणीस नंबर सतरा वर्षांच्या झिगिमांतासला दिला.
जर्सी दांडग्या माणसाच्या मापाची,
मी दोन्ही बाजूंनी दोन दोन बोटं आत घेतली
आणि शिवण मोकळी ठेवली, वाढेल म्हणून.
दारावरची बाई सांगते, त्याची आई
चौथ्या रांगेत डोळे मिटून बसते.
पहिल्याच सामन्यात नाकाचं रक्त छातीवर.
थंड पाणी, मीठ, घासायचं नाही.
निघालं.

मार्लन पेटवे अलाबामाचा.
इमारतीत ऊब फक्त माझ्या खोलीत,
म्हणून कमरेला पट्टा बांधून इथे येऊन बसायचा.
त्याला आमची भाषा येत नाही, मला त्याची.
ड्रायर घरघरत असला की ते खपून जातं.
टॉवेलांच्या घड्या घालायचा, चुकीच्या,
तिसऱ्या दिवशी बरोबर.
एकदा फोनवर छोट्या मुलीचा फोटो दाखवला,
मग स्वतःच बराच वेळ बघत राहिला.

मार्चमध्ये चार मिनिटं खेळला.
जर्सी आली, मी उलटी करून पाहिली.
गळ्याखाली तळहाताएवढी ओल.
सव्वीस वर्षांत पहिल्यांदा
एखादा कपडा लगेच पाण्यात टाकवेना.

आठ संघ पुढे जातात. आम्ही नववे.
ज्या सामन्यात एका गुणानं गेलो
त्या रात्री टाउटवीदस खाली आला, कुबडी दाराशी टेकवून,
आणि म्हणाला, आज माझी धुऊ नका,
धुण्यासारखं काही नाही तिच्यात.
मी धुतली. कोरडेपणालाही वास येतो.

आता मे. करार संपले.
ब्लेडनं नावं उसवायचं काम माझं.
अक्षरं निघतात, पण खाली
न विटलेलं कापड उरतं, तेच नाव, गडद.
सातवर ते पुसट आहे. कमी धुतली गेली ना.
माझं उजवं मनगट फेब्रुवारीपासून ठणकतंय.
ते कुठल्या यादीत नाही, आणि नसू दे.
एकोणीसचं नाव मी उसवलं नाही.
शिवण तेवढी एका बोटानं सैल केली.